कॅन्सरच्या भीतीने पिशवी काढू नका, आधी तपासणी करा!

गेवराई : अंगावरून पांढरं जातंय म्हणून बाई दवाखान्यात जाते आणि ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ हे ऐकून घाबरते. या भीतीपोटी बीड जिल्ह्यातील अनेक ऊसतोड महिलांनी तरुण वयातच पिशवी काढून घेतली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ ऊसतोड महिलांची पिशवी काढलेली आढळली.

मात्र कॅन्सर आहे की नाही, हे अंदाजाने किंवा नुसत्या सोनोग्राफीवरून ठरत नाही. पांढरं जाण्यामागे बऱ्याचदा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधाने बरा होतो.

शंका कधी घ्यावी?

संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त दिसणं, घाण वासाचं किंवा रक्तमिश्रित पाणी जाणं, यापैकी काही असेल तर दुखणं अंगावर काढू नये. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर तिशीच्या आत क्वचित होतो, पण होतच नाही असं नाही. त्यामुळे ‘वय लहान आहे’ म्हणून तपासणी टाळू नये.

तपासणी कशी होते?

डॉक्टर आतून गर्भाशयाचं तोंड डोळ्यांनी पाहतात. त्यावर सौम्य ॲसिटिक ॲसिड लावलं की संशयित जागा पांढरी दिसते. पांढरा डाग म्हणजे लगेच कॅन्सर नव्हे. तिथला छोटा तुकडा काढून लॅबमध्ये पाठवतात. त्या बायोप्सीच्या रिपोर्टवरूनच निदान पक्कं होतं. कॅन्सरच्या आधीची अवस्था असेल तर बहुतेक वेळा पिशवी न काढताही उपचार होतात.

त्रास नसला तरी तिशीनंतर दर पाच वर्षांनी सरकारी दवाखान्यात ही तपासणी करून घ्यावी. तपासणीचा फायदा शेजारच्याच धाराशिव जिल्ह्यात दिसला आहे. तिथे सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. एकदा एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं. मुलींना ९ ते १४ वयात एचपीव्ही लस दिली तर सर्वाधिक फायदा होतो.

त्यामुळे कोणी ‘पिशवी काढा’ म्हटलं, तर घरच्यांनी आधी दोन गोष्टी विचाराव्यात : बायोप्सी झाली का? रिपोर्ट कुठे आहे? उत्तर मिळालं नाही, तर उचल घेऊन ऑपरेशनचा खर्च करण्याआधी गेवराईच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात दाखवून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. एकदा काढलेली पिशवी परत बसवता येत नाही.