एसटीएल फाईल : अंतरंग आणि उघडण्याची रीत

आपले काही माजी विद्यार्थी शाळेतील मुलांसाठी वस्तूंचे आराखडे संगणकावर तयार करून पाठवितात. थ्रीडी प्रिंटरसाठीच्या या फाईलच्या नावाअखेरीस बहुधा ‘एसटीएल’ ही अक्षरे असतात. एखाद्या पालकाने ती घरच्या संगणकावर दोनदा क्लिक करून उघडू पाहिली, तर ‘सर्टिफिकेट ट्रस्ट लिस्ट’ म्हणून ही फाईल अवैध आहे, अशा अर्थाची सूचना येऊ शकते. तेव्हा घाबरून फाईल पुसून टाकू नये. विंडोजमध्ये हीच तीन अक्षरे सुरक्षाविषयक दुसऱ्या एका फाईललाही दिलेली आहेत. नाव एक, कुळे दोन!

द्रवरूप राळेवर अतिनील किरण सोडून थरावर थर घट्ट करण्याच्या पद्धतीचे, म्हणजे स्टिरिओलिथोग्राफीचे, पेटंट चक हल यांना १९८६ मध्ये मिळाले. त्यांच्या थ्रीडी सिस्टिम्स या कंपनीसाठी १९८७ मध्ये हे फाईलरूप तयार झाले.

या फाईलमध्ये वस्तूचा केवळ पृष्ठभाग असतो आणि तोही फक्त त्रिकोणांनी विणलेला. घनाच्या सहा बाजू, प्रत्येकीचे दोन त्रिकोण, म्हणून एकूण १२. चेंडू मात्र कधीच पूर्ण गोल होत नाही. त्रिकोण वाढवावेत तसा तो गोलाकाराच्या जवळ जातो इतकेच. प्रत्येक त्रिकोणाचे तीन कोनबिंदू आणि त्याची बाहेरची दिशा नोंदलेली असते. ही नोंद साध्या मजकुरात असेल तर नोटपॅडमध्येही वाचता येते. द्विमान रूपात मात्र प्रथम ८० बाइटांचे शीर्षक, मग ४ बाइटांत त्रिकोणांची संख्या आणि नंतर प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट असा हिशेब असतो. त्यामुळे आपला घन ६८४ बाइटांत मावतो. अशी फाईल अर्धवट उतरली आहे का, हे पाहायचे असल्यास तिच्या आकारातून ८४ वजा करून ५० ने भागावे. सहसा बाकी शून्य उरते.

उघडताना आधी प्रोग्रॅम सुरू करावा आणि मग त्यातून फाईल निवडावी. केवळ पाहण्यासाठी मेशलॅब, छपाईच्या तयारीसाठी क्युरा किंवा प्रुसास्लायसर. तिन्ही विनामूल्य आहेत. शेवटचे दोन प्रोग्रॅम वस्तूचे थर पाडून प्रिंटरला समजतील अशा आज्ञा तयार करतात.

खरी फसगत पुढे आहे. या फाईलमध्ये आकडे असतात, एकक नसते. बोटांत बळ कमी असलेल्या एका विद्यार्थ्यासाठी पेन्सिल धरण्याची पकड छापावयास घेतली, तेव्हा प्रिंटरच्या पृष्ठावर मोहरीएवढा ठिपका उरला. आराखडा इंचांत होता आणि प्रोग्रॅमने ते आकडे मिलिमीटर मानले होते. वाट पाहत बसलेल्या त्या मुलाचा चेहरा पाहवेना. आकार २५.४ पट, म्हणजे २५४० टक्के केल्यावर पकड त्याच्या हातात नीट बसली. म्हणून आराखडा पाठविणाऱ्यांना एक विनंती : सोबत वस्तूची एकूण लांबी मिलिमीटरमध्ये अवश्य लिहावी.