माणूस अंधेरीत, मत जौनपुरात

2009 च्या लोकसभा निवडणुकीत मुलुंड-भांडुप-घाटकोपरच्या ईशान्य मुंबईत भाजपचे किरीट सोमय्या अवघ्या 2,933 मतांनी पडले. मनसेच्या शिशिर शिंदेंनी तिथे 1 लाख 95 हजार मतं घेतली होती. बोरिवली-मालाडच्या उत्तर मुंबईतही तेच झालं. राम नाईक 5,779 मतांनी हरले आणि काँग्रेसचे संजय निरुपम, मूळचे बिहारचे, खासदार झाले. परप्रांतीयांविरुद्धचं मनसेचं आंदोलन वर्षभरापूर्वीचं, फेब्रुवारी 2008 चं. त्याचं फळ एका बिहारी नेत्याच्या पदरात पडलं, आणि त्या नेत्याला पूर्वी राज्यसभेवर पाठवलं होतं शिवसेनेनं!

राज्याराज्यांतल्या या ये-जा करण्यानं खरंच काही फरक पडतो का? 'उगाच बाऊ केला जातो,' म्हणणाऱ्यांकडे आकडे आहेत. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 45 कोटी स्थलांतरित होते. राज्याची हद्द ओलांडलेले त्यांत साडेपाच कोटींच्या आतच. बाकीचे आपल्याच राज्यात हललेले, आपल्या कोकणातल्या चाकरमान्यांसारखे. घाटकोपरचा कच्छी दुकानदार तर गल्ला सोडून उठलाही नाही. 1 मे 1960 ला त्याचं गावच दुसऱ्या राज्यात गेलं.

तरी मुंबईचं चित्र वेगळं आहे. 2001 ते 2011 या काळात बृहन्मुंबईत हिंदी मातृभाषा सांगणारे सुमारे 26 लाखांवरून 36 लाखांवर गेले, मराठी सांगणारे 45 लाखांवरून 44 वर आले. पण याचा सगळा दोष रेल्वेनं येणाऱ्यांवर ढकलता येत नाही. घरांच्या भावांनी कितीतरी मराठी कुटुंबांना डोंबिवली, बदलापूर, विरारला धाडलं.

आर्थिक बाजूचा निकाल 2020 च्या टाळेबंदीनं लावला. 1 मेपासून श्रमिक गाड्या सुटल्या आणि मेट्रोच्या कामांवरची माणसं गावी गेली. जूनमध्ये एमएमआरडीएनं भूमिपुत्रांसाठी सुमारे 16 हजार जागांची जाहिरात काढली: गवंडी, सुतार, फिटर, वेल्डर. तेवढ्यानं भागलं नाही. ठेकेदारांना जुन्या कामगारांनाच परत बोलवावं लागलं. दहिसर ते अंधेरीच्या दोन मेट्रो मार्गिका जानेवारी 2023 मध्ये पूर्ण सुरू झाल्या.

पैशाचं गणितही एकतर्फी नाही. साकीनाक्याच्या मोबाइलच्या दुकानात रोकड देऊन कमिशन भरलं की पगाराचा हिस्सा मिनिटभरात गावच्या खात्यात पडतो. जीएसटी मात्र जिथे खप, तिथल्या राज्याला मिळतो. म्हणजे अंधेरीत घेतलेल्या साबणावरचा राज्याचा वाटा महाराष्ट्राला, आणि उत्तर प्रदेशातल्या गावी पाठवलेल्या पैशातून घेतलेल्या साबणावरचा त्या राज्याला.

राजकारणात मात्र बाहेरून आलेल्या माणसाचं वजन हाताला लागत नाही, कारण अनेकांचं नाव गावच्याच मतदारयादीत असतं. अशांसाठी निवडणूक आयोगानं दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना तयार केला. एकाच यंत्रावर 72 मतदारसंघांचं मतदान होईल असा. जानेवारी 2023 मध्ये पक्षांना तो दाखवायला बोलावलं, तर विरोधी पक्षांनी नकारघंटा वाजवली. नेत्यांना मात्र दोन्ही घरं उघडी. सांताक्रूझ-कलिन्याचे माजी आमदार कृपाशंकर सिंह 2024 ला थेट उत्तर प्रदेशातल्या जौनपुरातून लोकसभेला उभे राहिले, आणि पडले.

तेव्हा मुंबईच्या राजकारणावर आजवर येणाऱ्याच्या मतापेक्षा त्याच्याविषयीच्या रागाचाच परिणाम जास्त झाला आहे. कायद्यानं नाव एकाच मतदारसंघात ठेवता येतं, नेहमीच्या राहत्या जागी. रत्नागिरीहून बोरिवलीत आलेला असो की जौनपूरहून, पत्ता बदलायचा अर्ज एकच: नमुना क्रमांक 8.