स्वयंपाकघराबाहेरचा लसूण : काही उपयोग, काही समज, काही सावधगिरी

काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात मूल-सावली परिसरातील आमच्या चिकित्सालयात एक आजी आपल्या पाच महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. बाळाला सर्दी झाली म्हणून त्यांनी लसूण मिक्सरमधून बारीक करून तो लगदा फडक्यात घातला होता व रात्रभर बाळाच्या छातीवर बांधून ठेवला होता. सकाळी फडके सोडले तेव्हा छातीवर तळहाताएवढा लाल चट्टा आणि त्यावर पाण्याने भरलेले फोड दिसले. पाहताक्षणी कोणीही ती भाजल्याची जखम म्हटली असती, आणि वस्तुतः ती भाजल्याचीच होती. आम्ही काहीसे रागावूनच विचारले, "हे तुम्हांला कोणी सांगितले?" आजी म्हणाल्या, "तुमीच त सांगतलं होतं ना, डाक्टरसाहेब."

आठवून पाहिले तेव्हा ते खरे निघाले. आधीच्या भेटीत, बाहेर रुग्णांची रांग असताना, "लसणाचे तेल छातीला चोळा" एवढेच सांगून आम्ही मोकळे झालो होतो. तेल कसे सिद्ध करायचे, कच्चा लसूण त्वचेवर का ठेवायचा नाही, यातले काहीच सांगितले नव्हते. घरोघरी सर्वांना ठाऊक असलेले द्रव्य, त्याची कृती काय सांगायची, अशी आमची समजूत होती. बाळाची जखम स्वच्छ पाण्याने धुऊन, शतधौत घृत लावून त्याला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. जखम भरून आली. फिकट डाग मात्र बराच काळ राहिला. त्यानंतर आम्ही येणाऱ्या रुग्णांना एक प्रश्न आवर्जून विचारू लागलो : फोडणी-चटणीखेरीज तुमच्या घरी लसूण आणखी कशाकशाला वापरतात?

उत्तरे ऐकून आम्ही चकित झालो. कानात, दातात, पायात मोडलेल्या काट्यावर, विंचवाच्या दंशावर, गजकर्णावर. पाळण्याला आणि बाळाच्या गळ्यात. धानाच्या कणगीत, कोंबड्यांच्या पाण्यात, भाजीच्या वाफ्यावर, उंबरठ्यावर सापासाठी. आपल्या या दोन जिल्ह्यांत हिरडा, बेहडा, मोह, चारोळी ही द्रव्ये जंगलातून येतात. लसूण मात्र जंगलाचा नव्हे. तो आठवडी बाजारातून विकत आणावा लागतो, आणि त्यातला पुष्कळसा मध्य प्रदेशातील मंदसौर-नीमच पट्ट्यातून येतो. २०२४ च्या आरंभी त्याचा किरकोळ भाव किलोला ४०० रुपयांवर गेला, तेव्हाही औषधापुरते दोन गड्डे घेणारी माणसे आम्ही पाहिली. एवढा विश्वास ज्या द्रव्यावर आहे त्याविषयी आपण वैद्यांनी व औषधालय-चालकांनी नेमके बोलले पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

लसणाचे शास्त्रीय महत्त्व वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. काश्यपसंहितेत त्यासाठी स्वतंत्र लशुनकल्प आहे. १८९० साली मध्य आशियातील कुचा येथे सापडलेल्या व 'बॉवर हस्तलिखित' या नावाने प्रसिद्ध असलेल्या पोथीचा आरंभीचा भागही लसणासाठीच खर्ची पडला आहे. पंचरसात्मक, एका अम्ल रसाने ऊन म्हणून रसोन, हे आपण महाविद्यालयात पाठ केले. गुणही पाठ केले : स्निग्ध, तीक्ष्ण, पिच्छिल, गुरू, सर, वीर्य उष्ण, विपाक कटू. परीक्षेपुरते पाठ केलेले हेच गुण घराघरांतील या साऱ्या उपयोगांची संगती लावतात. त्यांपैकी तीक्ष्ण व पिच्छिल हे दोन येथे विशेष महत्त्वाचे आहेत.

अखंड पाकळीला फारसा वास नसतो, हे प्रत्येकाने अनुभवले असेल. पाकळीतील ॲलिन हे द्रव्य आणि त्यावर क्रिया करणारे ॲलिनेज हे किण्वक पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली की दोन्ही एकत्र येतात व काही क्षणांतच ॲलिसिन तयार होते. कॅव्हलिटो व बेली या संशोधकांनी १९४४ साली हे द्रव्य वेगळे केले व त्याची जंतुनाशक शक्ती दाखवून दिली. लसणाचा उग्रपणा, जंतूंवरील मारा आणि त्वचेवरील दाह ही तिन्ही बहुतांशी याच घडामोडीची फळे आहेत. ॲलिसिन अस्थिर असते, ते टिकत नाही. आणि ठेचण्यापूर्वीच पाकळीला आच लागली तर किण्वकच नष्ट होते व ॲलिसिन फारसे निर्माणच होत नाही. आंबट माध्यमातही हे किण्वक मंदावते. लशुनादी वटीसाठी निस्तुष लसूण ताकात भिजवून घेण्याचा आपला प्रघात या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

आजींच्या नातवाचे काय झाले, तेही यावरून उलगडते. त्यांच्या सासूच्या काळी पाकळ्या सोलून अख्ख्याच मोहाच्या टोळीच्या किंवा जवसाच्या तेलात तळत, त्या काळसर झाल्या की काढून टाकीत व कोमट तेल चोळीत. त्यात तीक्ष्णता बोथट झालेली असे. मिक्सरने केलेल्या बारीक लगद्यात मात्र जवळजवळ प्रत्येक पेशी फुटलेली, आणि ती रात्रभर तान्ह्या मुलाच्या कोवळ्या त्वचेला भिडलेली. परंपरा तीच वाटली तरी कृती बदलली होती. काट्यावर वा गजकर्णावर रात्रभर लसूण बांधून आलेल्या प्रौढांतही आम्ही असेच फोड पाहिले आहेत. लसणापासून मिळणाऱ्या ॲजोइन या घटकाचा त्वचेच्या बुरशीवर उपयोग होतो, हे व्हेनेझुएलातील अभ्यासांत दिसले आहे. पण तो ठरावीक प्रमाणातील मलमाचा उपयोग होता, ठेचलेल्या पाकळीचा नव्हे. तेव्हा आमचा दंडक असा : कच्चा ठेचलेला लसूण मुलांच्या अंगावर मुळीच नाही, आणि मोठ्यांच्याही अंगावर बांधून ठेवायचा नाही.

पाळण्याला बांधलेल्या लसूण-ओव्याच्या पुरचुंडीबद्दल आमची तक्रार नाही. ती बाळाच्या हाताला व तोंडाला लागू नये, आणि दोरा गळ्यात नसावा, एवढेच. धुरीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. धूपनकल्प आपल्या शास्त्रात आहे, त्याचा आम्हांला आदर आहे. तथापि बंद खोलीत, चुलीच्या धुराच्या भरीला, लसणाच्या सालीची व ओव्याची धुरी सर्दी झालेल्या बाळाला देणे आम्ही थांबवले आहे. गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले, की येथील बालमृत्यू कमी करायचे तर न्यूमोनिया गावातच ओळखून वेळेवर उपचार झाला पाहिजे. म्हणून पुरचुंडी बांधणाऱ्या आईला आम्ही श्वास मोजायला शिकवतो : दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक श्वास झाले, अथवा बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, की लसूण, ओवा, तेल सारे बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.

आता तेलाविषयी, कारण ते आपल्यापैकी अनेकांच्या औषधालयात विकले जाते. सुश्रुताने उत्तरतंत्रात कर्णशूलासाठी लसूण, आले, शेवगा इत्यादींचा कोमट रस सांगितला आहे. घरी रसाऐवजी तेल घालतात. कान वाहत असेल किंवा पडदा फुटल्याची शंका असेल तर कोणतेही तेल घालू नये, हे वाचक जाणतातच. आम्हांला सांगायचे आहे ते वेगळेच. पुष्कळ घरांत, आणि क्वचित दुकानांतही, बाटलीत कच्च्या पाकळ्या टाकून वर तेल ओततात आणि ती बाटली महिनोन् महिने फळीवर उभी असते. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम ही घातक विषबाधा झाली. बाटली शीतकपाटात न ठेवता बाहेर ठेवलेली होती. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील किंग्स्टन येथे आणखी तिघांना तीच बाधा झाली व त्यानंतर अमेरिकेत अशा पदार्थांत आम्ल मिसळणे सक्तीचे झाले. लसूण मातीत वाढतो. मातीतील जंतूंचे बीजाणू त्याला चिकटलेले असतात. पाकळीतील ओलावा आणि तेलाखालील निर्वात अवस्था मिळाली की ते रुजतात व विष तयार करतात. तेलाला वास येत नाही, रंग बदलत नाही. त्या घटना खाण्याच्या तेलातल्या होत्या हे खरे. पण कानासाठी म्हणून केलेले तेल मुलाला चमचाभर पाजणारी घरे आम्हांला ठाऊक आहेत.

येथे आपल्या भैषज्यकल्पनेची शिस्त उपयोगी पडते. फेनोद्गम, शब्दहीनता, कल्काची वर्ती होणे या स्नेहसिद्धीच्या लक्षणांचा व्यवहारी अर्थ हाच, की पाण्याचा अंश संपला. पाणी संपले की बीजाणू नुसत्या उकळण्याने मेले नाहीत तरी रुजू शकत नाहीत. मग गाळणे आणि पूर्ण कोरड्या बाटलीत भरणे. ज्या औषधालयात लसणाचे तेल शोभेसाठी पाकळ्यांसकट भरले जाते तेथे, ग्राहकाला ते कितीही अस्सल वाटो, त्या पाकळ्या काढून टाकाव्यात असा आमचा आग्रह आहे. घरी करणाऱ्यांनी तर आठवड्यापुरतेच करावे.

पिच्छिल गुणाची गोष्ट मात्र निव्वळ मौजेची आहे. आमचे जुने कंपाउंडर काचेच्या बरण्यांवर कागदी चिठ्ठ्या लसणाच्या पाकळीने चिकटवीत. पाकळी आडवी कापून तिचा कापलेला भाग काचेवर घासायचा आणि चिठ्ठी दाबायची. पावसाळ्यात डिंक सुटतो, ती चिठ्ठी सहसा सुटत नाही. पुढे आम्हांला कळले, की इटलीतील चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने आपल्या कलाविषयक ग्रंथात सोन्याचा वर्ख चिकटवण्यासाठी लसणाचा रस सांगितला आहे. लसणाला भग्नसंधानकर म्हणणाऱ्या आपल्या आचार्यांना बरणीचे संधान अभिप्रेत नसावे, पण कंपाउंडरांना ते साधले होते!

धान्याच्या कणगीत पाकळ्या टाकण्याची रीत आपल्या धानपट्ट्यात आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगशाळेतील अभ्यासात लसणातील दोन गंधकयुक्त घटक मक्यावरील सोंडकिड्यांना व पिठातील तांबड्या भुंगेऱ्यांना मारक ठरले. तथापि बंद पात्रातील प्रयोग वेगळा आणि हवा खेळणारी कणगी वेगळी. वास उडून गेला की ओल्या पाकळीभोवती बुरशीच धरते. औषधालयात तर चूर्णांच्या शेजारी लसूण ठेवूच नये. चंदनाच्या चूर्णाला लसणाचा वास लागला म्हणून आमचे एक पोते वाया गेले आहे.

शेतीत लसणाचा वापर वाढला तो अमरावती जिल्ह्यातील बेलोरा येथील सुभाष पाळेकर यांच्या 'अग्निअस्त्रा'मुळे. गोमूत्र, कडुनिंब, तंबाखू, हिरवी मिरची व लसूण उकळून केलेला हा अर्क अळ्या व खोडकिड्यासाठी फवारतात. पिकावरील त्याच्या गुणावगुणांचा निवाडा कृषितज्ज्ञांनी करावा. वैद्याने मात्र ध्यानात ठेवावे, की त्यात तंबाखू आहे आणि निकोटीन त्वचेतून शोषले जाते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली रासायनिक फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले, तेव्हापासून पुष्कळजण घरगुती अर्काकडे वळले, तेही उघड्या अंगाने, तोंडाला काही न बांधता. फवारणीनंतर मळमळ, घाम, चक्कर घेऊन आलेल्या रुग्णाने "औषध नाही जी, घरचाच अर्क होता" असे सांगितले तरी निश्चिंत राहू नये.

उरला तो डासांचा व सापांचा विषय, आणि या दोन जिल्ह्यांत तो जिवाशी निगडित आहे. लसूण खाल्ल्याने डास चावत नाहीत, हा समज २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण नियंत्रित प्रयोगात टिकला नाही. उंबरठ्यावरच्या लसणाने मण्यार अडते, याला तर काहीच आधार नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश पुष्कळदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, आणि तोवर घरचे लोक लसूणच चोळत बसलेले असतात. नेपाळच्या तराईतील अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका कमी असल्याचे आढळले आहे. हिवतापाचाही उपाय तीच मच्छरदाणी, कडा गादीखाली नीट खोचलेली. विंचवाच्या बाबतीतही महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गेल्या शतकाच्या नवव्या दशकात प्राझोसिनचे महत्त्व दाखवल्यानंतर दंशावर लसूण घासत बसण्यात वेळ दवडण्याचे समर्थन आपण करू नये. घाम, उलट्या, हातपाय गार पडणे दिसताच रुग्ण हलवावा.

त्या आजी पुढल्या हिवाळ्यात दुसऱ्या नातीला घेऊन आल्या. या वेळी आम्ही रांग थांबवली, कंपाउंडरकडून एक छोटी कढई मागवली आणि तिळाच्या तेलात सोललेल्या अख्ख्या पाकळ्या फेस शमून तडतड थांबेपर्यंत त्यांच्यासमोर तळल्या. तेल गाळले, थंड होऊ दिले, आणि पहिला थेंब आजींच्याच मनगटावर लावून पाहिला. "आता समजलं जी," त्या म्हणाल्या, "पहिलेच असं दाखवाले पाहिजे होतं."