सुपारी, विसार आणि उचल

मनमाड–छत्रपती संभाजीनगर लोहमार्गावरच्या लासूर स्टेशनसारख्या बाजाराच्या गावात तमाशा दोन तऱ्हांनी होतो. एक, कनातीत तिकीट लावून. दुसरा, जत्रेच्या पंचांनी सुपारी दिली तर उघड्यावर, फुकट. तिकिटाचा गल्ला वळवाच्या एका सरीने बुडतो. सुपारीत निदान विसार तरी आधी हातात पडतो. या सुपाऱ्यांचा मोठा बाजार पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात, पाडव्याच्या सुमारास राहुट्यांमध्ये भरतो. फडाचं नाव, वगनाट्य, तारीख बघून गावकरी घासाघीस करतात. कलावंत मात्र हंगामाआधीच फडमालकाकडून उचल घेऊन बसलेला असतो आणि ती नाचून-गाऊन फेडतो. ऊसतोडीचंच गणित हे! २०२० ची टाळेबंदी नेमकी पाडव्याला, २५ मार्चला सुरू झाली. जत्रा रद्द झाल्या, सुपाऱ्या बुडाल्या. उचल अंगावर राहिली.