रक्ताचे १२८ भाग! 'सगळे समान' म्हणणाऱ्या फ्रान्सने नागरिक कोणाला मानलं?

२६ ऑगस्ट १७८९. फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. माणूस जन्मतः स्वतंत्र आणि समान, हे त्याचं पहिलंच कलम. शाळेतला इतिहास साधारण इथेच थांबतो.

पण तेव्हा फ्रान्सची सगळ्यात श्रीमंत वसाहत होती कॅरिबियनमधली सां-दोमांग, म्हणजे आजचं हैती. तिथे ऊस आणि कॉफीच्या मळ्यांत सुमारे ५ लाख गुलाम राबत होते. गोरे ३०-४० हजार. आणि जवळपास तितकेच स्वतंत्र कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय. यातले कित्येक जमीनदार होते, काही तर स्वतःच गुलामांचे मालक.

मग ते नागरिक का नाहीत?

उत्तर रक्तात शोधलं गेलं. लिनियसने झाडांसारखे माणसांचेही गट पाडले, तो हा काळ. वकील आणि असेंब्लीचा सदस्य मोरो द सां-मेरी याने तर माणसाचे १२८ भाग कल्पिले. पूर्ण गोरा १२८, पूर्ण काळा शून्य. प्रत्येक पिढीत गोरा जोडीदार धरला तर काळा वाटा निम्मा होतो: ६४, ३२, १६... सातव्या पिढीत उरतो फक्त १. तरीही त्याच्या तक्त्यात ती व्यक्ती 'मिश्र रक्ताची'च! हिशोब पक्का दिसतो, पण तो मोजतो काय, तर एक पूर्वज विसरायचा नाही एवढंच.

व्हिन्सां ओजे या मिश्रवर्णीय व्यापाऱ्याने स्वतंत्र लोकांसाठी मताधिकार मागितला, उठाव केला. फेब्रुवारी १७९१ मध्ये त्याला चाकावर हाडं मोडून मारलं. (गुलामांची मुक्ती त्याच्या मागणीत नव्हतीच.) मे महिन्यात असेंब्लीने तडजोड काढली: आई आणि वडील दोघंही स्वतंत्र असतील, तरच हक्क. म्हणजे नागरिकत्वही वारशानेच. सप्टेंबरमध्ये तेही मागे घेतलं.

दरम्यान, ऑगस्टमध्ये गुलामांनीच बंड पुकारलं होतं. त्यानंतर चक्रं फिरली. एप्रिल १७९२ मध्ये सर्व स्वतंत्र पुरुषांना समान हक्क, फेब्रुवारी १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द. नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणायचा घाट घातला. १ जानेवारी १८०४ला हैती स्वतंत्र झाला.

१८०५च्या हैतीच्या संविधानाने रंगाचा तक्ताच उलटा केला: रंग कोणताही असो, हैतीचे सगळे नागरिक 'काळे' म्हणूनच ओळखले जातील. तिथे स्थायिक झालेले पोलिश आणि जर्मनसुद्धा.