कानाने शिकायचे दिवस : उच्च शिक्षणात पॉडकास्ट

(विष्णुपुरी, नांदेड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय आहे पॉडकास्ट. शब्द नवा आहे, गोष्ट तशी जुनीच. २००४ साली 'द गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्रातल्या लेखात बेन हॅमर्स्ले यांनी हा शब्द वापरला. आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची ती जोड. बोललेलं ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर ठेवायचं, एकामागून एक भाग येत राहतात, आणि ऐकणारा ते आपल्या सवडीने मोबाइलवर उतरवून घेतो. रेडिओची वेळ केंद्र ठरवतं, पॉडकास्टची वेळ ऐकणारा ठरवतो. फरक एवढाच, पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

आता कुणी म्हणेल, ऐकून कुठं शिक्षण होतं का? आपण तर कीर्तन ऐकून शहाण्या झालेल्या मुलखातले लोक. तरी श्रद्धेवर नको, पुराव्यावर बोलू या. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं तयार केली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून ऐकायची, मग त्यावर चर्चा करायची, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे जायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. श्रोतामंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत चांगली भर पडली. रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथं ती भर फारच थोडी होती.

म्हणजे काय? शिकवलं ते नुसत्या रेडिओने नाही. ऐकणं आणि त्यावर बोलणं, या दोहोंनी मिळून शिकवलं. आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

आता आपल्याकडे या. इथल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं कार्यक्षेत्र नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली असं चार जिल्ह्यांचं. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातली लेकरंही त्यात आली. कुणी एसटीने ये-जा करतं, कुणी सोयाबीनच्या काढणीत आठवडाभर वर्गात येऊ शकत नाही, कुणी दुकानात काम करून शिकतं. त्यांचा बुडालेला तास परत कसा द्यायचा?

व्हिडिओ आहेतच, पण त्याला डेटा लागतो आणि नजर अडकून पडते. आवाजाचा हिशोब करून बघा. साध्या बोलण्याला सेकंदाला ६४ किलोबिट पुरतात. म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट, आणि दहा मिनिटांचा भाग जेमतेम ५ मेगाबाइटचा. बसस्थानकावर रेंज असताना उतरवून घ्यावा, पुढे घाटात रेंज गेली तरी ऐकता येतो. न समजलेलं वाक्य चारदा मागे नेता येतं. वर्गात चौथ्यांदा विचारायला पोरं लाजतात, मोबाइलपुढं लाजत नाहीत.

दुसरा फायदा भाषेचा. बारावीपर्यंत मराठीत शिकलेला विद्यार्थी पदवीला इंग्रजी पुस्तकापुढं बसला की अडतो, बऱ्याचदा विषयाने नव्हे, शब्दांनी. 'एन्ट्रॉपी' किंवा 'इलॅस्टिसिटी' मराठीत समजावून, मूळ शब्द तसाच ठेवून, दहा मिनिटं बोललं तर तीच पानं पुढे सोपी जातात.

आम्ही पहिला भाग केला तेव्हा पन्नास मिनिटांचा तास तसाच मुद्रित केला. ऐकायला बसलो तर निम्मा वेळ पंख्याची घरघर, आणि मधूनमधून 'हे बघा, इथं ही रेषा'. कुठली रेषा? फळा तर ऐकणाऱ्यापुढं नव्हताच! तेव्हापासून काही नियम पाळतो. एका भागात एकच संकल्पना. लांबी दहा-बारा मिनिटं. पंखा बंद, खिडकी बंद, मोबाइल तोंडापासून वीतभर लांब. सुरुवातीला एक प्रश्न, शेवटी दुसरा. त्या दुसऱ्या प्रश्नावर पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं चर्चा. ही चर्चा नसेल तर आपण नुसता रेडिओ वाटला, मंडळ केलंच नाही. आणि प्रत्येक भागासोबत लिखित मजकूर द्यायचाच. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचाही या तासावर तेवढाच हक्क आहे.

याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. गणिताची सिद्धता, परिपथाची आकृती, प्रयोगशाळेतली हातोटी कानाने येत नाही. तिथं पॉडकास्टचा हट्ट धरू नये. विद्यार्थ्यांनाच भाग करायला लावले तर मात्र त्यांचं शिकणं दुप्पट होतं. आजीकडून जात्यावरची परंपरा समजून घेणं, गोदाकाठच्या शेतकऱ्याशी पाण्याबद्दल बोलणं, हा समाजशास्त्राचा आणि भूगोलाचा खरा अभ्यासच आहे.

शेवटचं, थोडं कडू. शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावर गाडा ओढला जातोय, हे तुम्हाला-आम्हाला माहीत आहे. उद्या कुणी म्हणेल, 'मुद्रण आहे ना, मग माणूस कशाला?' त्याला पुण्याच्या त्या गावांचं उदाहरण सांगा. आवाज गावोगाव पोचला होता, पण शिकली ती एकमेकांशी बोलणारी गावं. पॉडकास्ट बुडालेला तास परत देईल, रिकाम्या खुर्चीत मात्र बसणार नाही.

आता आमचं बोलणं थांबवतो. चर्चेशिवाय शिक्षण नाही असं आम्हीच म्हटलंय, तेव्हा विचारा प्रश्न.