सोळा रविवारांचा घाट

आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. पुढचे आकडे नीट वाचा :

५, ६, ७, ५, ८, ९, १०, ७, ०, ६, १०, १२, १४, १६, १०, २१.

सापडतोय का काही नियम? गणिताच्या पुस्तकातल्या मालिकेसारखी ही मालिका शहाण्यासारखी वर वर जात नाही. मध्येच घसरते, पुन्हा चढते आणि एके ठिकाणी तर चक्क भोपळा! तरीही शेवटचा आकडा सगळ्यांत मोठा आहे.

हे आकडे मी एका स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवरून उतरवून घेतले आहेत. आमच्या शाळेत पाचवीत शिकणाऱ्या एका मुलाची आई अंगणवाडी सेविका आहे. तिने अर्धमॅरेथॉनची तयारी केली, तेव्हा दर रविवारी किती किलोमीटर पळाली ते त्या त्या तारखेच्या चौकटीत लाल पेनाने लिहून ठेवलं. “नाव मात्र छापायचं नाही हं बाई,” असं तिने बजावलंय, म्हणून आपण तिला नुसतं ‘आई’च म्हणू या.

अर्धी म्हणजे किती?

पूर्ण मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची. हे अंतर पहिल्यांदा १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावलं गेलं आणि पुढे तेच कायम झालं. त्याचं निम्मं करा बरं! २१ किलोमीटर आणि साडेसत्त्याण्णव मीटर. शाळेच्या ४०० मीटरच्या मैदानाला जवळजवळ ५३ फेऱ्या!

आईने निवडली होती साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन. २०१२ साली सुरू झालेली ही शर्यत पावसाळ्याच्या अखेरीस असते. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळायचं आणि तोच घाट उतरून परत यायचं. कासचं पठार तुम्हांला फुलांमुळे माहीत असेल. धावणाऱ्यांना मात्र त्याआधीचा चढ चांगलाच लक्षात राहतो!

तुम्हांला वाटेल, चढ अवघड आणि उतार सोपा. तसं नसतं बरं का! चढताना दम लागतो हे खरं. पण उतरताना दर पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवर घालतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि जिना उतरताना ‘आई गं’ होतं. म्हणून घाटात पळायचं, तर चढण्याचा सराव हवा तसा उतरण्याचाही हवा.

पहिले तीन आठवडे : वाटतं की जमलंच!

तयारी सुरू झाली मे महिन्यात. ऊन तापायच्या आत, पहाटे साडेपाचला. आठवड्यातून चारच दिवस पळायचं : तीन दिवस थोडं थोडं, रविवारी जास्त. पहिल्या रविवारी पाच किलोमीटर झाले, तेही दोन मिनिटं पळ, एक मिनिट चाल असं करत. तिसऱ्या रविवारी सात! वाड्यातल्या बायका म्हणाल्या, “काय गं, या वेगाने तू पुढच्या महिन्यातच साताऱ्याला पोचशील.”

सुरुवातीला प्रगती अशी झरझर होते. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. स्नायूंमध्ये केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढू लागतं. पेशींमधल्या तंतुकणिका, म्हणजे आपल्या शरीरातली छोटी छोटी वीजघरं, त्यांची संख्या वाढते. श्वास मोकळा होतो आणि माणूस खूश होतो.

मग चौथ्या रविवारी सातावरून एकदम पाच का? आई दमली का? मुळीच नाही. तो आकडा ठरवून कमी केलेला होता! आठव्या रविवारचा ७ आणि पंधराव्या रविवारचा १०, हेही ठरवूनच.

आता गंमत ऐका. पळताना आपले स्नायू बळकट होत नाहीत. पळताना ते थकतात, त्यांच्या तंतूंना अगदी सूक्ष्म इजा होते. बळकट होतात ते नंतर, आपण जेवतो, झोपतो आणि विश्रांती घेतो तेव्हा. शरीर डागडुजी करतं, आणि करताना पूर्वीपेक्षा थोडं जास्त मजबूत बांधतं. गवंडी भिंत बांधतो तेव्हा एका दिवसात सगळी उंची गाठतो का? काही थर झाले की थांबतो, पाणी मारतो, भिंत आवळू देतो. घाई केली तर भिंत ढासळते. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पळणं मुद्दाम कमी करायचं असतं. शेवटच्या एकदोन आठवड्यांतही कमी करायचं, म्हणजे शर्यतीच्या दिवशी पाय ताजे राहतात.

कोरा रविवार

पण नवव्या रविवारचं शून्य मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं.

जुलै महिना. साताऱ्याचा पाऊस तुम्हांला सांगायला नको. बूट वाळत नव्हते. रात्री त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे आणि सकाळी तेच दमट बूट पायांत घालायचे. श्वास आता अजिबात चढत नव्हता. दहा किलोमीटर झाले तरी ‘आणखी जाऊ’ असं वाटायचं. आणि नेमकी त्याच सुमाराला उजव्या पायाची नडगी दुखू लागली. आधी पळताना, मग चालताना, मग रात्री झोपेतही.

असं का झालं असेल? त्यामागे शास्त्र आहे. हृदय आणि फुप्फुसं सरावाला लवकर सरावतात, काही आठवड्यांतच. पण हाडं आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर, म्हणजे स्नायुबंध, सावकाश तयार होतात. त्यांना कितीतरी महिने लागतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एक फसवा काळ येतो. छाती म्हणते, “चल पुढे!” आणि नडगी म्हणते, “थांब ना गं जरा!” धावणाऱ्या पुष्कळ जणांना हा काळ भेटतो.

डॉक्टरांनी पाय तपासला. हाड शाबूत होतं. दहा दिवस पळणं बंद, असं त्यांनी सांगितलं. रविवारची चौकट कोरी राहिली.

त्या घरातली दुसरी गोष्ट सांगायला हवी. पाचवीतला तो मुलगा शाळेच्या धावण्याच्या सरावाला येत असे. केंद्राच्या स्पर्धेत तो शेवटून दुसरा आला आणि दुसऱ्या दिवसापासून मैदानावर यायचाच बंद झाला. विचारलं की म्हणायचा, “पोटात दुखतंय.” आईच्या कोऱ्या चौकटीकडे बोट दाखवून तो म्हणाला, “बघ, तुला पण नाही जमलं.”

आईने वाद घातला नाही. तिने त्या चौकटीत एक लाल शून्य काढलं आणि म्हणाली, “जमलं नाही असं नाही रे. या रविवारी शून्य झाले, एवढंच.”

दहा दिवस तिने नडगीला बर्फ लावला, पोटऱ्यांचे व्यायाम केले, रोज वेळेवर झोपली. पुन्हा सुरुवात केली तेव्हा एकदम ११ वर उडी मारली नाही. सहाच पळाली. तेही सावकाश, डांबरी रस्ता सोडून मैदानाच्या मातीवर. मग १०, १२, १४, १६. श्रावणी सोमवारचे उपास होते, पण रविवारी पळून आल्यावर पोटभर जेवायचं हे तिने ठरवून टाकलं होतं : भाकरी, उसळ, दही आणि शेंगदाण्याची चटणी.

शर्यतीच्या दिवशी तिला दोन तास एक्कावन्न मिनिटं लागली. चढावर ती थोडी चाललीसुद्धा. बक्षीस मिळालं नाही. पुरं करणाऱ्या सगळ्यांना मिळतं ते पदक मिळालं आणि ते आता कालनिर्णयच्याच खिळ्याला लटकलंय.

आणि तो मुलगा? नडगी बरी झाल्यावर आई मैदानावर पळू लागली, तेव्हा तोही तिच्यामागे हळूहळू येऊ लागला. पुढच्या स्पर्धेतही त्याची तालुक्याला निवड झाली नाही. पण आता त्याच्या पोटात दुखत नाही!

मोठ्यांनाही घाट चुकत नाही

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे तुम्हांला माहीत असतील. लहानपणी घर ते शाळा हे सहा किलोमीटरचं अंतर ते पायी कापत. पुढे सैन्यात गेल्यावर ते धावपटू झाले. २०१८ साली दुखापतीमुळे त्यांची आशियाई स्पर्धा हुकली. पण त्याच वर्षी भुवनेश्वरला त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसचा १९८१ पासून टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२० साली दिल्लीत त्यांनी अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पुरी केली. ६१ मिनिटांच्या आत हे अंतर धावणारे ते पहिले भारतीय. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक! आपण वर्तमानपत्रात वाचतो ती पदकं. मधले कोरे रविवार कुणी छापत नाही, म्हणून ते नव्हतेच असं आपल्याला वाटतं.

आईबाबांसाठी दोन शब्द

हे वाचून उद्याच मुलाला एकवीस किलोमीटर पळवायला नेऊ नका बरं! वाढत्या वयात हाडांची टोकं अजून मऊ असतात, तिथूनच हाड वाढतं. त्यांवर फार ताण पडणं चांगलं नाही. २००६ साली ओरिसात चार वर्षांच्या एका मुलाला पुरी ते भुवनेश्वर असं ६५ किलोमीटर पळवलं गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण पुढे सरकारला त्याच्या अशा धावण्यावर बंदी घालावी लागली. मोठ्या शर्यतींना वयाची अट असते ती उगाच नाही. मुलांनी खेळावं, पकडापकडी करावी, लहान अंतरं पळावीत. तेवढं पुरे.

आणि आणखी एक. प्रगतिपुस्तकातले आकडेही कधी ७ नंतर ५ होतात. तेव्हा रागावण्याआधी विचारा : हा थकवा आहे, दुखणं आहे, की नुसता दमट बुटांचा आठवडा? तिन्हींवर उपाय वेगवेगळे असतात.

करून पाहा

१. सुरुवातीचे सोळा आकडे आलेख कागदावर मांडा. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर किलोमीटर. बिंदू जोडा. कोणता घाट दिसतो?

२. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, मनगटावर नाडी पाहा. १५ सेकंदांतले ठोके मोजा आणि ४ ने गुणा. रोज लिहून ठेवा. एखाद्या दिवशी आकडा नेहमीपेक्षा बराच जास्त आला, तर त्या दिवशी शरीर विश्रांती मागतंय, असं समजा.

३. मित्राबरोबर मैदानावर एक मिनिट पळा, एक मिनिट चाला. असं दहा वेळा. पळताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलता येईना, तर वेग जास्त आहे.

४. घरच्या कालनिर्णयवर तुमचीही एक लाल खूण सुरू करा : पळण्याची, पाढ्यांची, पेटीच्या रियाजाची, कशाचीही. शून्य आलं तर तेही लिहा. आणि त्यापुढच्या चौकटीत काय लिहिलंत, ते मला पत्राने जरूर कळवा!